पाहुणीला दिलेली माती

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात जो तो झाडांचं कौतुक करत होता. जळगावच्या विद्यापीठात आता बसायला सावली आहे, वसतिगृह आहे, नळाला पाणी आहे. मला मात्र ती उघडीबोडकी टेकडीच आठवत राहिली. नव्वदीच्या सुरुवातीला मी तिथे संशोधन करायला आले, तेव्हा अर्धवट इमारत, टँकरचं पाणी आणि खिडकीतून टेबलावर येऊन बसणारी धूळ एवढंच होतं. धुळ्याच्या देवपुरातल्या शाळेतली पक्की नोकरी मी त्यासाठी सोडली होती. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते.

माझा विषय चोपण जमिनीचा. पाणी देऊन देऊन बिघडलेली जमीन, ओली झाली की चिखल, सुकली की दगड. सहा महिन्यांनी समितीपुढे निकाल मांडायचे होते. नाही जमलं तर नोंदणी रद्द, मग कुठल्या तोंडाने धुळ्याला परतणार?

पाच महिने प्रयोगशाळा उभी करण्यातच गेले, त्यात घाई हा माझा जुना दुर्गुण. पांझरेकाठच्या एका गावात जाऊन मी चाळीस कापडी पिशव्या वाटल्या, "तुमच्या बिघडलेल्या जमिनीतली माती भरून ठेवा" म्हणाले आणि परतीची एसटी पकडली. आठवड्याने पिशव्या आणून तपासल्या. एकूण एक माती अव्वल! मार्गदर्शक सरांनी आकडे पाहून चष्मा काढला.

"अशी जमीन मिळाली तर मी उद्याच राजीनामा देऊन शेती करीन," ते म्हणाले.

मला हसू आलं नाही. पंधरा दिवस उरले होते.

तडक गाव गाठलं. पिशव्या गोळा करणारे नाना ओट्यावर बसले होते. मी आल्या आल्या त्यांच्यावर तोफ डागली. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, तू आमनी पाव्हनी. तू विद्यापीठमा बठ्ठ्यासले माटी दखाडशी. मंग खराब माटी कशी देवानी?"

सगळ्यांना दाखवायची माती म्हणून घरोघरच्या बायकांनी चांगल्या वावरातली माती आणून, चाळून, खडे वेचून भरली होती. पाहुणीला तांदूळ निवडून द्यावेत तशी. आता रागवायचं कुणावर? मी ओट्यावर बसून चक्क रडले. सोडलेली नोकरी, वडिलांचा अबोला, सगळं सांगून टाकलं.

नाना उठले, कुदळ घेतली आणि मला नदीकडच्या तुकड्यात घेऊन गेले. हा चोपण तुकडा ते लाजेपोटी सोयऱ्यांनाही दाखवत नसत. भर उन्हात त्यांनी स्वतः खणलं. ते पाहून बाकीचे आले आणि मग गंमतच झाली, ज्याची त्याची जमीन सगळ्यात खराब. "आमना वावरमा तर गवतबी उगत नही," एक जण छाती फुगवून सांगत होता. या वेळी प्रत्येक खड्ड्यापाशी मी उभी राहिले.

समितीच्या दिवशी सरांच्या परवानगीने मी नानांना बोलावलं. परीटघडीची टोपी घालून ते मागच्या बाकावर बसले. बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञांना सगळ्यात वाईट नमुन्याचा आकडा पटेना.

"त्या भागात इतकी खराब जमीन? शक्यच नाही. कुणाची आहे ही?"

भरल्या सभेत नानांचं नाव कसं घ्यायचं?

मागे बाक सरकला. नाना उभे राहिले होते.

"मनी शे, साहेब. ती कशी सुधारानी, ते आते हाई पोर सांगी."