नऊ तासांचं पीठ

आमच्या यांची पावाची बेकरी आहे, त्यामुळे यांच्या डोक्यातलं घड्याळही पिठाचंच. लग्नाला किती वर्षं झाली हे विचारून बघा, दुसरीकडे बघतील. पण मळलेलं पीठ थंडीत कधी फुगेल, हे झोपेतून उठवलं तरी सांगतील.

यांची थोरली बहीण, आमच्या ताई, परदेशात लेकीकडे राहतात. आई लवकर गेली, तेव्हा यांना लहानाचं मोठं केलं ते ताईंनीच. त्या मोठ्या आजारातून उठल्या खऱ्या, पण अन्नावरची वासनाच उडाली. आई चार घासही खात नाही म्हणून भाची फोनवर रडली. यांनी फोन ठेवला आणि आमच्या मुलाला तिकिटं काढायला सांगितलं.

मुलाने दोन शहरांमधलं अंतर फोनवर काढलं. सात हजार किलोमीटर, विमानाला नऊ तास. यांनी तेवढंच ऐकलं. निघताना पीठ मळायचं, नऊ तासांत ते बरोबर फुगेल, पोहोचलो की भाजायचं. ताईला शिळा पाव द्यायचा नाही. नऊ तास सरळ गेलं तर, आपल्याला मध्ये विमान बदलायचंय, असं मुलगा परोपरीने सांगत होता. पण एकदा ठरवलं की आमच्याकडे कान बंद असतात. पीठ तिथेही मिळतं, असं मीही सुचवून बघितलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी काढता पाय घेतला.

पिठाचा डबा माझ्या बॅगेत, माझ्याच कपड्यांमध्ये गेला. विमानतळावर तीन तास आधी हजर. मधल्या शहरात आणखी सहा तास बाकावर. तिथे यांनी घड्याळ बघितलं आणि चेहरा खर्रकन उतरला. आता फुगलं असेल, आता बसलं असेल, असं पुटपुटत राहिले. मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं.

भाचीच्या स्वयंपाकघरात बॅग उघडली. डब्याचं झाकण उडालेलं, पीठ माझ्या नव्या स्वेटरच्या बाहीत शिरलेलं. डब्यात उरलं होतं ते सैल, चिकट आणि आंबट. मी तोंडाचा पट्टा सोडणारच होते, पण यांचे डोळे भरलेले दिसले आणि स्वेटर बाजूला सारला. टाकून द्या, दुकानातून पाव आणू, असं भाची म्हणाली. यांनी उरलेलं तसंच ओव्हनमध्ये घातलं.

पाव कसला, चपटी वीट झाली. ताई खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. यांनी मान खाली घालून एक तुकडा त्यांच्या हातात दिला. ताई बराच वेळ तो चावत राहिल्या.

"बेकरीत नवा लागलास ना, तेव्हा असेच आणायचास," त्या म्हणाल्या. "मालकाने फेकलेले."

"तू सगळे खायचीस."

"भूक असायची रे." त्यांनी हात पुढे केला. "दे अजून."

ती वीट त्यांनी अर्ध्याहून जास्त संपवली. स्वेटरचं नाव मी काढलंच नाही.