आतल्या बाजूचं तोंड

दुपारचं जेवण झालं की मी चटईवर आडवी होते. झोप येते, जाते, तसलं चाललेलं असतं. आज उशाशी पिशवी आहे आणि पिशवीत राक्षस. म्हणजे आमच्या ह्यांनी, बळवंत मेकअपमननी, सिनेमासाठी केलेला परग्रहावरच्या प्राण्याचा रबरी मुखवटा. रबर आता पिठूळ झालंय, हात लावला की भुगा पडतो. लेक फोनवर म्हणाली, "आई, ते ध्यान आजच्या घंटागाडीत टाक." टाकते म्हटलं. एकट्या बाईला कशाला हवंय ते?

डोळा लागतोय तोच दाराशी चप्पल वाजते. एक पाय घासत चालायची तीच जुनी सवय.

"मालन, चहा टाक."

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. पण मला नवल वाटत नाही, मी आपली चहा टाकायला उठते. स्टोव्ह पेटवते तर तो स्टुडिओतल्या मेकअपच्या टेबलावर, आरशाभोवती दिवे लागलेले. वळून बघते तर हे खुर्चीत बसलेत आणि तोंडावर तो प्राणी! ताजा, ओला, कपाळावरच्या शिरा फुगलेल्या. हनुवटीवरून साबुदाण्याची खळ लाळेसारखी गळतेय. अगं बाई, काय काम होतं ते! हल्ली म्हणे सगळं कॉम्प्युटरवर करतात. त्याला ना वास, ना वजन. ह्यांचा प्राणी धापा टाकायचा तेव्हा मानेवरची कातडी हलायची.

"माणसं भ्याली का ग?" हे विचारतात.

आम्ही थेटरात आहोत. ह्यांची खोड अशी की पडद्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि लोकांची तोंडं बघायची. बाया पदर तोंडात कोंबायच्या आणि हे मिशीत हसायचे. आता सगळ्या खुर्च्या रिकाम्या, बघायला मी एकटीच.

"मी भ्यालेय," मी म्हणते. "पण ह्या सोंगाला नाही. अहो, मला तुमचं तोंडच आठवेना झालंय."

बोलून टाकते आणि रडूच कोसळतं. "भिंतीवर फोटो आहे, पण त्यात तुम्ही दम दिल्यासारखे ताठ बसलाय. ते तुम्ही नव्हे. डोळे मिटले की काहीच येत नाही समोर. काढा ते. एकदा दाखवा."

मी मुखवट्याच्या कडेला नख लावते.

"ओढू नको! कातडी निघेल. तेलानं सोडव. इतकी वर्षं बघून एवढंही शिकली नाहीस?"

"मेल्यावरही मलाच बोला!"

तेलात बोटं बुडवून मी हळूहळू कड सोडवते. एक पापुद्रा सुटतो, खाली दुसरा. तो सुटतो, खाली आणखी एक. वाटीतलं तेल संपतं, तरी तोंड काही येत नाही.

"मालन, ह्याला माप कुणाचं घेतलं होतं?"

"तुमचंच की. प्राणी झालेल्या त्या नटाला प्लॅस्टरखाली गुदमरायचं, म्हणून तुम्हीच आडवे झालात."

"मग बाहेरून काय शोधतीस?"

आणि हे आमच्या चटईवर आडवे आहेत. नाकात दोन नळ्या, मी तोंडावर पांढरं प्लॅस्टर लावतेय. आता ह्यांना बोलता येत नाही, म्हणून माझा अंगठा मुठीत धरलाय. एकदा दाबलं की बरं आहे, दोनदा दाबलं की काढ, अशी आमची खूण. त्या साच्यातून ह्यांचं प्लॅस्टरचं तोंड निघालं, आणि त्याच्यावरच रबर चढवून भाजलं होतं. ते तोंड घर बदलताना फुटलं, तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते.

अंगठा दाबला जातो. पुन्हा दाबला जातो.

काढते हो, काढते.

घंटागाडीचं गाणं गल्लीत वाजतंय. मी जागी आहे, पण डोळे उघडत नाही, कारण माझा हात मनगटापर्यंत मुखवट्याच्या आत आहे. बोटांना नाक लागतं. डावीकडे कललेलं, तालमीत मोडलेलं. तो नट कायम कुरकुरायचा, आतून टोचतंय म्हणून! भुवईवरची खोक लागते. वरचा ओठ, जरा आखूड. मिटल्या डोळ्यांपुढं हे येतात, चहाची वाट बघत असलेले. हेच ते. अहो, हेच की तुम्ही!

हात बाहेर काढते तर अंगठ्याला मुखवटा चिकटवायचा मेकअपचा डिंक लागलाय. ओला, चिकट, उग्र वासाचा. ह्या घरात त्याची बाटली उघडल्याला किती वर्षं झाली, देव जाणे.

"मावशी, कचरा!" खालून हाक येते.

"आज नाही रे!"

गाडी पुढं जाते आणि घर पुन्हा गप्प होतं. चहा एकाच कपाचा करायचाय. मी मुखवटा मांडीवर उलटा घेते आणि आतल्या गालावर अंगठा ठेवते. बरं नाही हो. अजिबात बरं नाही. पण हे काळजी करत बसतील, म्हणून एकदाच दाबते.