ऊन केलेली चकती

त्या रविवारी आमच्या पाचटाच्या कोपीत मी, माजा लेक दत्तू, सून मंगल, शेजारची पारू आन डॉक्टरकी शिकनारी ती पोरगी, यवढीच मानसं हुतो.

नगरच्या कॉलेजातली पोरं दर रविवारी ऊसतोड्यांना तपासायला यायची. ती पोरगी नळीची चकती तळहातावर घासून ऊन करायची, मगच छातीला लावायची. पारू चिडवायची, "डॉक्टरीनबाई, भाकरी थापताय व्हय?"

"गार लागतं ना, मावशी."

त्या रविवारी मंगल तापानं फनफनली हुती. दवाखान्याची गाडी यायच्या आदीच तिनं जीव सोडला. पोरीनं तवाबी चकती घासून ऊन केली, मंगलच्या छातीला लावली, लई येळ ऐकत बसली.

तवापासनं ती पोरगी परत आली न्हाई. बाकीची पोरं गारच लावत्यात, लेकरं दचकत्यात. तुमाला ती भेटली तर सांगा, मंगलच्या सासूचा, या आजीचा, तुज्यावर राग न्हाई, येत जा.