समप्रमाणात

पिंप्राळ्यात आमच्या शेजारी रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. ‘समप्रमाणात’ हा त्यांचा लाडका शब्द. चहात दूध-पाणी समप्रमाणात, कॉलनीतल्या भांडणात दोषही समप्रमाणात. कुणी ‘निम्मं-निम्मं’ म्हटलं की लगेच दुरुस्त करतात, “निम्मं नजरेनं ठरतं. समप्रमाण मोजावं लागतं.”

त्यांची म्हातारी आई सहा महिने त्यांच्याकडे, सहा महिने धुळ्याच्या धाकट्या भावाकडे असते. यंदा तिला अर्ध्या वाटेपर्यंत पोचवायला निघाले तेव्हा मीही गाडीत होतो. भाऊ तिला घ्यायला पारोळ्याच्या स्टँडवर येऊन थांबला होता. सरांनी मात्र एरंडोलच्या पुढे, भर उन्हात गाडी उभी केली आणि मीटर पाहून फोन लावला, “मध्य इथे आहे. पारोळा दहा किलोमीटर पुढे, तुझ्या हिश्शात येतं. तू इकडे ये.”

भाऊही हटेना. अर्धा तास हेच चाललं.

शेवटी आई पिशवी घेऊन उतरली आणि हात दाखवून धुळ्याची एसटी थांबवली.

“आई, अगं कुठे चाललीस?”

“तुमनं मोजनं चालू ऱ्हाऊ द्या. मी जास पारोळाले.”

एसटी दिसेनाशी झाली. सर हळहळले, “म्हणजे त्याचे दहा किलोमीटर वाचलेच की!”