दुसरं रक्त

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण पवनीत लहानपणापासून ऐकत आले होते, पण तिचा अर्थ मला करडीच्या भागात हिंडताना कळला. मी तर धड वैद्यही नव्हते. श्वासाच्या वाटेने शिरणारे विषाणू आणि त्यांच्याशी शरीर कसं झुंजतं, एवढाच माझा अभ्यास. औषध माझ्याकडे नसायचंच. मी फक्त घ्यायला यायचे. घशात कापसाचा बोळा फिरवायचा आणि दंडातलं रक्त काढायचं.

तेही दोनदा. घोडं तिथेच पेंड खायचं. ताप-खोकला सुरू झाल्यावर दोन-चार दिवसांत एकदा रक्त घ्यायचं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा. पहिल्या रक्तात शरीराची तयारी नुकती सुरू झालेली असते, दुसऱ्यात ती दिसून येते. दोन्ही नळ्या एकाच दिवशी शेजारी ठेवून तपासायच्या. दुसरी पहिलीपेक्षा कितीतरी वरचढ निघाली, तरच छातीठोकपणे सांगता येतं, की याला अमुक विषाणूने गाठलं होतं आणि हा त्याच्याशी लढला. एकटी नळी मुकी असते. तिच्यात सापडेल ते मागच्या वर्षीच्या सर्दीचं असू शकतं, तान्ह्या मुलाच्या बाबतीत आईकडून आलेलंही असू शकतं. “जोडी नाही तर निकाल नाही,” हे मी नागपूरच्या प्रयोगशाळेत इतक्यांदा म्हटलं होतं की लोक माझ्यामागे माझीच नक्कल करायचे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. माझ्यासोबत एक तंत्रज्ञ असायचे, आंधळगावचे. माझ्याहून मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचे. जीपही तेच चालवायचे. भंडाऱ्याला बर्फाच्या कारखान्यात पेटी भरून घ्यायची. करडीकडे पोचेपर्यंत त्यातलं बरंच पाणी झालेलं असायचं. गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात बसून रक्त घ्यायचं, भाऊंनी ते हाताने फिरवायच्या यंत्रात गरगर फिरवायचं, वर सुटलेलं पिवळसर पाणी वेगळ्या नळीत काढून बर्फात ठेवायचं आणि उरलासुरला बर्फ वितळायच्या आत नागपूर गाठायचं. माझ्या सगळ्या तरुणपणाची घाई त्या बर्फाने ठरवली.

पहिलं रक्त लोक देत. अंगात ताप असला की माणूस काहीही देतो. दुसऱ्या वेळी मात्र आम्ही दिसलो की दारं लागायची. बरा झालेला माणूस कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेईल? मी समजावून समजावून थकायचे. शेवटी एक सोपं वाक्य तयार केलं आणि त्याचा मला फार अभिमान होता: “आजार आला का अंग लढते. तीन हप्त्यांनी रक्तात दिसते, अंग लढलं का नाही.”

“बाई,” भाऊ म्हणायचे, “तुमी अशीच लढाई लढाई करान, तर लोक म्हणतीन का ही बाई फौजेत भरती करून राहिली.”

त्या पावसाळ्यात वरून निरोप आला होता, की जोड्या जमल्या नाहीत तर हे काम बंद करू. मला झोप लागेनाशी झाली होती. धानाची रोवणी तोंडावर आली होती आणि खोकल्याची साथ जोरात होती.

तेव्हाच तळ्याखालच्या धानाच्या बांध्या कसणाऱ्या घरातली एक तरुण बाई आपलं आठ-नऊ महिन्यांचं मूल घेऊन व्हरांड्यात आली. माझं लढाईचं वाक्य तिने मान हलवत ऐकलं, दुसऱ्या रक्तालाही लगेच हो म्हणाली. “तीन बाजार झाले का येतो,” एवढंच तिने विचारल्यासारखं सांगितलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. न भांडता मिळालेली जोडी.

पहिलं रक्त घेताना मूल धापा टाकत होतं. बरगड्यांच्या खाली पोट आत ओढलं जात होतं. मला ते दिसलं. दिसलं नाही असं मी आजही म्हणू शकत नाही. मी भंडाऱ्याच्या दवाखान्याच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली, उद्या सकाळीच घेऊन जा म्हणून बजावलं आणि पेटीत हात घालून पाहिलं. बर्फाचे चार खडे उरले होते. “भाऊ, चला, चला,” मी म्हटलं. आमची जीप भंडाऱ्यावरूनच जात होती.

तीन आठवडी बाजार झाल्यावर आम्ही परत गेलो. गाव रिकामं. सगळे रोवणीला. मी पेटी घेऊन बांधाबांधाने फिरले, चिखलात चपला गमावल्या. एक म्हातारा कमरेवर हात ठेवून म्हणाला, “बरा झालो न मी? मंग आता कायले रक्त पाह्यजे? विकून राहिले का तुमी?” मी त्याच्यावर खेकसले. वयाचं भानही ठेवलं नाही. नंतर लाज वाटली, पण परत जाऊन काही बोलावं एवढं बळ पायांत नव्हतं.

व्हरांड्यात आले तर ती बसलेली. रोवणीतून आली होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल. एकजण तरी आलं म्हणून मी नवी नळी काढली, तिच्यावर मुलाचा नंबर आणि पुढे दोनचा आकडा लिहिला, आणि मग विचारलं, “लेकरू कोठी आहे?”

“नाही तो,” ती म्हणाली. “तुमची गाडी गेली, त्या रातीच नाल्याले पूर आला. तिसऱ्या दिवशी उतरला. तवापर्यंत झालं होतं.”

हातातली नळी कुठे ठेवावी ते मला कळेना.

“सासू म्हणते पोरगा कच्चाच होता. माह्या दुधात कस नव्हता म्हणते. उठता बसता म्हणते.” तिचा आवाज चढला नव्हता. “तुमी म्हटलं होतं रक्तात दिसते. त्याचं रक्त तुमच्यापाशी आहे न? मंग सांगून द्या. लढला का नाही?” तिने पदर सारून दंड पुढे केला. “दुसरं पाह्यजे असन तर माहं घ्या.”

भाऊ उठून जीपकडे गेले.

“लढला,” मी म्हणाले. “खूप लढला. तुह्या दुधाच्या जोरावरच लढला.”

“सासूले सांगू?”

“सांग. मी सांगतलं म्हणून सांग.”

तिने डोळे पुसले. पऱ्ह्यांच्या, रोवायच्या रोपांच्या, पेंढ्या वाट पाहत आहेत म्हणाली आणि बांधाकडे निघून गेली. बर्फ त्या दिवशी भरपूर उरला होता.

काम बंद पडलं नाही. कुठून कुठून जोड्या मिळत गेल्या, माझे निबंध छापून आले, मला बढती मिळाली. मी मात्र कायमची दमले. ऐंशीच्या दशकात प्रयोगशाळेतली शीतपेटी बदलायची वेळ आली, तेव्हा जोडी नसलेल्या सगळ्या नळ्या टाकून द्याव्यात असं ठरलं. ठरवणारी मीच होते. त्या लेकराची नळी कोणती, हे मला यादी न पाहता ठाऊक होतं. तिच्यात काय आहे ते तपासता आलं असतं, पण काहीही सापडलं असतं तरी त्याने सिद्ध काही झालं नसतं, आणि काहीच सापडलं नसतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे.

सगळे जेवायला गेले होते. मी ती नळी मुठीत धरून खिडकीशी बसले. आधी बोटं बधिर झाली, मग हळूहळू आतला गोठलेला खडा सुटायला लागला. पूर्ण पाणी होईपर्यंत मी जागची हलले नाही. त्या दिवशी मला कुठेच पोचायचं नव्हतं.