माहेरचा शेवगा

शैला मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी इस्लामपूरला आईकडे होते. महिना झाला, पण त्यांची आठवण निघाली की आमच्या विश्रामबागच्या प्रयोगशाळेत अजून हशा पिकतो. मॅडम माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. माहेर वडूजचं, आणि त्या माहेराविषयी वाकडा शब्द काढायची कुणाची टाप नव्हती.

आमचं काम म्हणजे पाल्याचा काढा करायचा, त्यात जस्ताचं मीठ मिसळायचं आणि जस्त ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांची पांढरी भुकटी मिळवायची. जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत ती ठेवली, की जंतू मरून भोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. न धुतलेला पाला टेबलावर दिसला तर मॅडम घर डोक्यावर घ्यायच्या. पण एकदा स्वतःच वडूजहून पिशवीभर शेवग्याचा पाला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, माझ्या माहेरचा आहे, त्याला कसली घाण लागलीय... तसाच उकळला. वर्तुळ असं झकास आलं की आम्ही पेढे वाटले. शोधनिबंध लिहून झाला, माझी पीएच.डी. झाल्यातच जमा होती. मग खात्रीसाठी इथल्या शेवग्याचा पाला धुऊन तोच प्रयोग केला, तर भुकटी तळाशी नीट बसेना आणि वर्तुळ नावालाही नाही. पुन्हा केला, तेच. माझं धाबं दणाणलं.

मॅडमनी वडूजला वहिनींना फोन लावला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आवं वन्सं, केसाळ अळ्या लय झाल्यात, म्हणून चुलीतली राख मारलीया की समद्या पाल्यावर." म्हणजे भुकटी तळाशी बसवायची सगळी करामत राखेतल्या क्षाराची, आणि आम्ही हारतुरे घालत होतो शेवग्याला! मॅडम पोट धरून हसल्या. एवढं छान आलंय तर निबंध छापायला पाठवून द्या की, असं विभागातल्या काहींनी सुचवलं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर वहिनींच्या आवाजात स्वतःची फजिती सांगितली आणि निबंध फाडून टाकला. मी मात्र रडकुंडीला आले होते, कारण माझं वर्ष पाण्यात गेलं होतं. आम्ही धुतलेला पाला घेऊन, क्षार मोजून घालून, सगळं पहिल्यापासून केलं. वर्तुळ बारकं आलं, पण दर वेळी आलं. "बारकं असू दे गं," मॅडम म्हणाल्या, "पण ते खरं हाय." त्याच वर्तुळावर मला पदवी मिळाली.

परवा माझी एक विद्यार्थिनी कढीपत्ता घेऊन आली. म्हणाली, धुवायला नको मॅडम, आमच्या घरचाच आहे.

"मग तर आधी धू," मी म्हणाले.

ती हिरमुसून नळाकडे गेली, आणि मला एवढं हसू आलं... की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.