माजी विद्यार्थिनीचा रकाना

आमच्या मिशनच्या शाळेतल्या आम्ही चौघी म्हाताऱ्या भेटलो, की किस्से निघतातच. हल्ली माझेच जास्त निघतात. नातीला त्याच शाळेत घालायचा मी हट्ट धरला, आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे.

*

पन्नास सालानंतरची गोष्ट. शाळा म्हणजे चर्चमागची पत्र्याची पडवी, शिकवणं सगळं मराठीत. हेडमिस्ट्रेस सिस्टर मोनिका वसईच्या. काळेवाडीला आमच्या शेतावर त्या मला मागायला आल्या. आई म्हणाली, "पोर साळंत गेल्यावर खुरपनी कोन करनार?"

"मी करते की," सिस्टर म्हणाल्या.

पुढचे चार शनिवार त्यांनी पांढरा झगा खोचून भुईमूग खुरपला. पाचव्या शनिवारी आईनंच हात जोडले. "बाई, तुमी तणापरीस भुईमूगच जास्त उपटताय. न्या पोरीला!"

*

पवना नदीवरून पाणी आणल्याशिवाय मुलींची घरातून सुटका नसे. शेवटची मुलगी घागर घेऊन घाट चढली, की मगच सिस्टर घंटा द्यायच्या. एकदा इन्स्पेक्टर घड्याळ दाखवून खेकसले.

सिस्टर म्हणाल्या, "साहेब, वेळेवर घंटा दिली असती. पण ऐकायला तुम्ही एकटेच होता."

*

मग कंपन्या आल्या, साहेबांची मुलं आली, शाळा इंग्रजी झाली. माझी पुतणी मैदानात पडली, गुडघा फुटला, "आई गं!" म्हणून ओरडली. बाईंनी आयोडीन लावायच्या आधी तिच्या गळ्यात पाटी अडकवली, 'मी मराठी बोलले'.

मी तरातरा शाळेत गेले. बाई म्हणाल्या, "सवय लागावी म्हणून करतो."

"मग रडायचं कसं, तेही शिकवा," मी म्हटलं. पाटी संध्याकाळपर्यंत गळ्यातच राहिली. अजून संताप होतो.

*

आता नातीचं. फॉर्मवर रकाना होता, आई-वडील किंवा आजी-आजोबा या शाळेचे माजी विद्यार्थी असल्यास प्राधान्य. मी ऐटीत माझा सातवीचा दाखला पुढे केला. खाली सिस्टरांची सही. ऑफिसातली मुलगी तो घेऊन प्रिन्सिपल मॅडमकडे गेली, आणि दहा मिनिटांनी रिकाम्या हातांनी परत आली.

"सॉरी आजी. मराठी मीडियमचं धरत नाहीत. ॲडमिशन नाही होणार."

"बरं. माझा दाखला दे."

"तो ठेवून जाल का? शाळेचा अमृतमहोत्सव आहे ना. मॅडम म्हणाल्या, फ्रेम करून प्रवेशद्वारात लावायचाय."